ढगांच्या पडद्यापुढे

जळगाव जामोद,
रविवार दुपार

प्रिय मावशी,

पाकीट पाहून घाबरू नकोस, कोणाचं काही वाईट झालेलं नाही. तुला फोन केला की मी काहीही विचारलं तरी तू 'हाव हाव, जेवली मी' एवढंच म्हणतेस. कानाचं यंत्र डब्यात ठेवलंस ते ठेवलंसच. मी दिवसभर बसस्टँडच्या केबिनमधून माईकवर नांदुरा, खामगाव, संग्रामपूर ओरडते, सगळ्या तालुक्याला माझा आवाज जातो आणि एकट्या तुलाच जात नाही. म्हणून लिहायला बसले. आजच्याच नांदुऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ पाकीट देतेय, आणि हर्षलला बजावलंय की ते फोडायचं नाही, सरळ तुझ्या हातात द्यायचं आणि चष्मा पुसून द्यायचा. तू सावकाश वाच. घाई आहे, पण ती वाचताना करू नकोस.

परवा हर्षल फोनवर रडला गं. तुझा लेक कसा आहे तुला माहीत आहे, बाबा गेले तेव्हाही लोकांचं चहा-पाणी बघत फिरत होता. म्हणाला, मंजूताई, अकोल्याच्या डॉक्टरांनी मंगळवार दिलाय, पुढे ढकललं तर हृदय साथ देणार नाही असं स्पष्ट सांगितलंय, आणि आई सहीच करत नाही. समजावून समजावून थकला बिचारा. शेवटी तू त्याला काय म्हणालीस ते त्याने मला तुझ्याच शब्दांत सांगितलं. 'मले काय कराचं आपरेशन? माहा फोटो त कवाचाच भितीले लागला हाये.' त्याला वाटलं तुझं डोकं फिरलं. भिंतीवर घरच्यांचे दोनच फोटो, एक बाबांचा आणि एक माझ्या आईचा, मग हिचा कुठला आला? मला मात्र ते कळलं, कारण त्याच्या आदल्या आठवड्यातच मी फोटोवाल्या फारुखचाचांच्या दुकानात जाऊन आले होते. तिथे काय कळलं ते पुढे सांगते. आधी आईचा तो फोटो माझ्या बाजूने कसा दिसत होता ते ऐक, कारण ते तुलाही माहीत नाही.

मला आई म्हणून तोच मिळाला. आई गेल्यावर बाबांची बदली झाली त्या वडनेरच्या घरात, मधल्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जरा खाली. डोक्यावरून हिरव्या पातळाचा पदर, मागे निळसर ढग, ओठ घट्ट मिटलेले, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. आई पहिल्या बाळंतपणाला संग्रामपूरकडे माहेरी गेली, मला जन्म दिला आणि त्याच दिवशी गेली, एवढं मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. बाबा म्हणत, ही तुझी आई, चांगुणा. शाळेत जाताना मी तिला सांगून जायची. आल्यावर दिवसभराचं गाऱ्हाणं तिच्याजवळ घालायची, आणि गाऱ्हाणं बहुतेक तुझंच असायचं. मावशीने वेणी घट्ट घातली, मावशीने हर्षलला साय दिली आणि मला नाही. तू तिथेच खाली भाकरी थापत असायचीस. एकदाही तू मध्ये बोलली नाहीस. एकदाही 'खोटं नको सांगू' म्हणाली नाहीस. मुलगी फोटोजवळ तुझी चुगली करते आणि तू तव्यावरची भाकर उलटतेस, असं आमचं चालायचं.

त्या फोटोची मला भीती वाटायची, हे मी कोणाला सांगितलं नाही. आईची कसली भीती? पण तिचे डोळे विचित्र होते. रागावलेले नाहीत, मायेचेही नाहीत. कोणीतरी पाणी अंगावर फेकणार आहे आणि हलायचं नाही असं बजावलंय, तसे. खोलीत कुठेही गेलं तरी ती माझ्याकडे बघतेय असं वाटे. वर्षं गेली तसा फोटो पिवळा पडला, पातळाचा हिरवा रंग उडाला, गालही फिके झाले. ठिपके तेवढे काळेभोर राहिले, उलट जास्तच उठून दिसू लागले. मी बाबांना विचारलंसुद्धा होतं की असं कसं. बाबा म्हणाले, गोंदण मरेपर्यंत जात नाही. मेल्यावरही जात नाही वाटतं, असं मी मनात म्हटलं आणि फोटोखाली बसून अभ्यास करणं सोडून दिलं.

आणि तू! तू तर त्या फोटोशी कधी नीट वागलीच नाहीस. आईचा स्मृतिदिन म्हणजे माझा वाढदिवस. घरात माणसं जमायची, त्रिसरण-पंचशील व्हायचं, मेणबत्ती लागायची आणि फुलांचा हार मी घालायची, स्टुलावर उभी राहून. तू दाराआड उभी असायचीस. शेजारची आशाबाई दरवर्षी ओरडायची, 'अवं बेबी, सख्खी बहीण हाये ना तुही, दोन फुलं त वाह्य!' तू मान हलवायचीस आणि चहाला आधण ठेवायला निघून जायचीस. दुसऱ्या दिवशी हमखास तुला ताप भरायचा. गावाने त्याचा अर्थ लावून टाकला होता. बहिणीच्या जागेवर आली, तिच्या नवऱ्याशी लग्न केलं, आता बहिणीकडे बघवत नाही. मीही कॉलेजात जाईपर्यंत तेच धरून चालले. कॅमेरा दिसला की तू जायचीस त्यालाही लोक मिजास म्हणायचे. हर्षलच्या बारशाचा फोटो बघ, माझ्या दहावीच्या सत्काराचा बघ, कशातही तू नाहीस. आधारकार्डाच्या वेळी तर तू मशीनपुढून दोनदा उठून गेलीस, आठवतं? शेवटी काढलास, त्यात डोळे असे की ऑपरेटर म्हणाला, काकू, फाशी नाही देऊन राह्यलो.

तिसरीत मला मुदतीचा ताप आला होता, तेव्हाचं एक सांगायचं आहे. वैशाखातली दुपार, खिडक्या लावून घेतलेल्या, मधल्या खोलीत अंधार. मी डोळे उघडले तर आई भिंतीवरून उतरून उशाशी बसली होती. डोक्यावरून पदर, तेच ओठ, तेच डोळे. माझ्या कपाळावरचा फडका तिने बदलला आणि मी पुन्हा झोपले. संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, आई आली होती. बाबा चिडले. आपल्या घरात भुताखेताचं नाव काढायचं नाही, तापात भास होतो म्हणाले. मी म्हटलं, भास नव्हता, आईच होती, फक्त तिच्या हनुवटीवर ठिपके नव्हते. तुझ्या हातातून पाण्याचा तांब्या खाली पडला. सगळी जमीन ओली झाली आणि तू पुसायलाही थांबली नाहीस, बाहेर गेलीस. दुसऱ्या दुपारी आई पुन्हा आली. या वेळी ठिपके होते. मी तिच्या गळ्यात हात टाकले, तोंडाला तोंड लावलं, आणि ती मला धरून बसून राहिली. ताप उतरल्यावर मी उठले तर उशीच्या अभ्र्याला काजळाचा काळा डाग. तो तू माझ्यावरच खेकसत धुवायला नेलास, म्हणालीस, कुठं तोंड घालून येते ही पोरगी. मी तो डाग पुरती विसरून गेले होते. आता रोज आठवतो.

तर आता दुकानाचं. घराला रंग द्यायला काढला तेव्हा हर्षलने फोटो उतरवला, तर मागच्या पुठ्ठ्याला वाळवी. त्याने तो टॉवेलात गुंडाळून नांदुऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिला, ताई, तुझ्या गावात जुन्या फोटोचं काम होतं ते करून आण म्हणून. आणि हसत हसत सांगितलं की फोटो भिंतीवर नव्हता तेवढे दिवस आई नीट जेवली, मधल्या घरात पाय पसरून बसली, आशाबाईशी गप्पाही मारल्या. मी म्हटलं रंगाचा वास मानवला असेल. मी तो बोचका घेऊन जाकीरच्या दुकानात गेले. जाकीर पासपोर्टचे फोटो काढतो, झेरॉक्स मारतो, मोबाईलला काचा लावतो. त्याचे वडील फारुखचाचा आता नुसते खुर्चीवर बसून असतात, पूर्वीचा स्टुडिओ त्यांचाच. जाकीरने फ्रेम उघडली, कागद बाहेर काढला, तसं चाचांनी हात पुढे केला. फोटो डोळ्याजवळ नेला, ठिपक्यांवरून नख फिरवलं आणि मला विचारलं, 'बेटी, ह्या बाई कशा हायेत आता? हायेत ना?'

मी म्हटलं, चाचा, ही माझी आई, मला जन्म देतानाच गेली. चाचा म्हणाले, 'तुही आई गेली ते मले मालूम हाये. मी फोटोतल्या बाईचं इचारून राह्यलो.'

मावशी, जाकीरने स्टूल सरकवलं आणि मी बसले. चाचांनी मग सगळं सांगितलं. तेव्हा ते पोरसवदा होते, नुकतंच दुकान टाकलेलं. खेड्यापाड्यात जिवंतपणी फोटो कोण काढतं? माणूस गेलं की त्यांना बोलावणं यायचं, ते जाऊन मयताचा फोटो काढायचे आणि घरी आणून ब्रशने डोळे उघडे करायचे. माझ्या आईसाठीही बोलावणं आलं होतं, पण ते दुसऱ्या गावी लग्नाच्या फोटोला गेलेले. परत येईपर्यंत अंत्यविधी उरकला होता. आणि आईचा एकही फोटो कोणाजवळ नव्हता. काही दिवसांनी बाबाच दुकानात आले, सोबत तू. अंगावर आईचं हिरवं पातळ, पदर डोक्यावरून. बाबा म्हणाले, पोरगी मोठी झाली की विचारेल आई कशी होती, तिला दाखवायला काही तरी पाहिजे, आणि बहीण बहिणीसारखी दिसतेच.

गेलेल्यांच्या फोटोसाठी चाचांकडे ढगांचा एक पडदा होता. जिवंत माणसाला त्यापुढे त्यांनी कधी बसवलं नव्हतं. ते बाबांना म्हणाले, 'गुरुजी, बगिच्याचा पडदा लावतो. जित्या माणसाले यापुढं नाई बसवत.' बाबा म्हणाले, 'आमी शुभ-अशुभ मानत नाई. कागद हाये तो, फारुखभाई.' बाबा मानत नव्हते. तू मानत होतीस की नाही हे तुला कोणी विचारलंच नाही. चाचा म्हणाले, पोरगी थरथरत होती. चाचांनी सांगितलं, हलू नका, श्वास धरा. तिने जो श्वास धरला तो फोटो काढून झाला, पडदा गुंडाळला तरी सोडेना. गुरुजींनी खांद्याला हात लावला तेव्हा सोडला.

ठिपके नंतरचे. आई पाच वर्षांची असताना आजीने तिला गोंदवून घेतलं होतं. मग आजोबांनी दीक्षा घेतली, जुन्या रीती घरातून काढून टाकल्या, आणि त्यानंतर जन्मलेल्या तुझी हनुवटी कोरीच राहिली. बाबांनी सांगितलं तसे चाचांनी ब्रशने तीन ठिपके दिले आणि फोटोत तू माझी आई झालीस. फोटोचा रंग उडत गेला, वरून ब्रशने दिलेला राहिला, एवढंच त्या काळेपणाचं गूढ. वर्षभराने बौद्धाचार्यांनी बाबांचं आणि तुझं लग्न लावलं ते त्याच भिंतीपुढे, म्हणजे तुझ्याच हार घातलेल्या फोटोखाली. बाबा गेल्यावर हर्षलने त्यांचा फोटो शेजारी लावला, दोघांना सारखे हार आणले, आणि त्यांच्याखाली तू शेंगा फोडत बसली होतीस. मी स्वतः पाहिलंय ते. मी तेव्हा म्हणाले होते, दोघं शेजारी शोभतात. तू म्हणालीस, हाव.

आठवडाभर मला झोप नाही नीट. फोटो आणला तो कपाटात उलटा ठेवलाय आणि तरी त्या खोलीत जायला नको वाटतं. बाबांचा राग येतो. इतका शिकलेला माणूस, सगळ्या गावाला विज्ञान सांगायचा, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या छातीत काय चाललंय ते त्याला दिसू नये? त्यांनी वाईट मनाने केलं नाही, माझ्यासाठीच केलं, हे कळतं, तरी राग येतो. चाचांनी आणखी एक सांगितलं, ते मला सर्वांत जास्त लागलं. मी शाळेत जायला लागल्यावर बाबा एकदा दुकानात आले होते. बराच वेळ बसले आणि म्हणाले, 'फारुखभाई, आता मलेही तिचं खरं तोंड आठवत नाई. डोये मिटले का फोटोच येते.' म्हणजे फोटोने तुला जिवंतपणी मारलं आणि आईला मेल्यावर पुन्हा एकदा पुसून टाकलं. मी चाळीस वर्षं जिच्याशी बोलले ती आई नव्हती. जिच्याबद्दल बोलले ती खालीच बसली होती. आणि आई तर कुठेच नव्हती, तिला तोंडच नाही. माझ्यासाठी ती आत्ता गेलीय गं, या महिन्यात.

फोटो परत भिंतीवर लागणार नाही. हर्षलला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, मी तर आईच्याच फोटोला हार घालत होतो. तुझ्या नावाने त्या भिंतीवर काही नाही आता, हे तुला कळावं म्हणून सांगितलं. नवा रंग दिलाय, जाऊन हात लावून बघ.

आता खरं कशासाठी लिहायला बसले ते. लहानपणापासून मला सगळे म्हणायचे, पोरगी आईवर नाही गेली. फोटोकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, बापावरही नाही, कोणावर गेली कोण जाणे. चाचांकडून आले त्या दिवशी मी आरशापुढे उभी राहिले आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की फोटोतलं तोंड आईचं नसेल, तर मी आईवर गेले नाही हे कशावरून? मग एकेक आठवत गेलं. माझ्या लग्नाच्या सकाळी मी पांढरी साडी नेसून तयार झाले, तू दारात आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि उलट पावली फिरलीस. सगळे बेबीबाई कुठे म्हणून शोधत होते आणि तू मागच्या अंगणात धुतलेली भांडी पुन्हा धूत होतीस. पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा बाबांशी भांडून तू मला खामगावच्या दवाखान्यात नेलंस, घरी बाळंतपण होऊ दिलं नाहीस, पण नऊ महिने मला जेवायला वाढताना मान वर केली नाहीस. मी आईच्या वयाची होत गेले तशी तू माझ्याकडे बघणंच सोडलंस. फोटोला का भ्यायचीस ते मला कळलं, मावशी. मला का भ्यायचीस ते सांग. माझं तोंड तिच्यासारखं आहे का? चाचांनी तिला पाहिलं नव्हतं, बाबा विसरून गेले, आजी-आजोबा नाहीत. तिला पाहिलेली या जगात तू एकटी उरलीस. मी तुला आता आई म्हणणार नाही, तो शब्द तू आयुष्यभर तिच्यासाठी बाजूला ठेवलास, मी कोण तो हलवणारी? पण मावशी मला पाहिजे, आणि जिवंत पाहिजे. मंगळवारी सकाळी मी अकोल्याला दवाखान्याच्या दारात उभी असेन, रजा टाकलीय. सही कर. ऑपरेशन झाल्यावर डोळे उघडलेस की मी समोर बसलेली असेन, तेव्हा मान खाली घालू नकोस, नीट बघ आणि सांग. नाही म्हणालीस तरी चालेल, पण ते तुझ्याकडूनच ऐकायचं आहे मला.

तुझीच,
मंजू